चिटाची कुळकथा

परकर-पोलक्यांसाठी, गाद्यांच्या अभ्र्यांसाठी फुलापानांचे जे छापील सुती कापड आपल्याकडे घरोघर वापरीत, त्याला ‘चीट’ म्हणत. इंग्रजीत अशाच कापडाला ‘चिंट्झ’ म्हणतात. नाव कानाला विलायती वाटते खरे. पण त्याचे माहेर भारतातच आहे.

हिंदीत ‘छींट’ म्हणजे शिंतोडा. पांढऱ्या वस्त्रावर रंगाचे शिंतोडे उडावेत तशी बारीक नक्षी ज्यावर असे, ते कापडही छींट. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी मालाबरोबर नावही उचलले आणि अनेकवचन करण्यासाठी त्याला ‘स’ जोडला. पुढे हा ‘स’ प्रत्यय आहे याचा लोकांना विसर पडला व अनेकवचनच एकवचन म्हणून रूढ झाले. ‘एक आंबे द्या’ असे कोणी म्हटले, तर आपण हसू. इंग्रजीने मात्र हा प्रमाद शिष्टसंमत करून टाकला! डच लोक याच कापडाला ‘सिट्स’ म्हणतात.

युरोपला या कापडाचे एवढे वेड का लागावे? ते धुतले तरी त्याचा रंग जात नसे. मछलीपट्टणच्या बाजूचे कारागीर आधी तुरटीच्या द्रावणाने नक्षी काढीत आणि मग कापड विशिष्ट मुळ्यांच्या तांबड्या रंगात उकळीत. जेथे तुरटी लागलेली असे तेथेच रंग पक्का बसे. इतरत्र तो धुण्याने व उन्हाने निघून जाई. ही विद्या तेव्हा युरोपीय रंगाऱ्यांना साधलेली नव्हती.

साहजिकच तेथील विणकरांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ साली या कापडावर बंदी घातली. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी असले कापड ल्यालेल्या स्त्रियांची वस्त्रे भर रस्त्यात फाडली. उपासमारीचे भय समजण्याजोगे आहे, पण हे कृत्य निंद्यच होय. १७२१ च्या कायद्याने ते अंगावर घालणेही गुन्हा ठरले. १७७४ साली बंदी उठली, ती ब्रिटनमध्येच तयार झालेल्या कापडापुरती! तोवर इंग्रज ही कला शिकले होते. पुढे गिरण्यांतून स्वस्त चिटांचे गठ्ठे निघू लागले व ते भारताच्या बाजारातही आले. त्याच काळात इंग्रजीत ‘चिंट्झी’ हे विशेषण निघाले. त्याचा अर्थ भडक, हलक्या प्रतीचे.