सणाचे पुस्तक आणि वाचकमंडळ

सणाच्या दिवसांत वाचकमंडळाने विनोदी पुस्तक निवडावे हे योग्यच. परंतु हसू ओसरल्यावरही त्यातून एखादा प्रश्न उरला पाहिजे. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) यांची ‘हॉगफादर’ (१९९६) ही अद्भुतरम्य कादंबरी या कसोटीस उतरते. तीत मुलांना भेटी वाटणारा, नाताळबाबासारखा हॉगफादर नाहीसा होतो आणि खोटी दाढी लावून साक्षात मृत्यू त्याचे काम करू लागतो. मुलांचा विश्वास ढळल्यास उद्या सूर्य उगवणार नाही, असे त्याचे म्हणणे. लहान कल्पितांवर विश्वास ठेवावयास शिकल्यावाचून मनुष्य न्याय, दया, कर्तव्य यांवर विश्वास ठेवू शकेल काय? चर्चेचा आरंभ या प्रश्नापासून व्हावा. मुलांना कथा सांगणाऱ्या शिक्षकास तर तो टाळता येणारच नाही.