फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर ठोके चुकले तर?

ऑपरेशन नीट झाले, रुग्ण बोलू लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर नाडी अचानक 130-140 वर गेली. नातेवाइकांचे धाबे दणाणते. हा बहुतेक वेळा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ नावाचा ठोक्यांचा बिघाड असतो. त्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : हा हार्ट अटॅकच आहे.
वस्तुस्थिती : हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही. इथे बिघडतात ते विजेचे संदेश. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, त्यामुळे नाडी वेगाने आणि वेडीवाकडी चालते. ईसीजीवर हा फरक दिसतो.

गैरसमज : सर्जनच्या हातून काहीतरी चुकले.
वस्तुस्थिती : फुफ्फुसाचा एक खंड काढल्यावर साधारण 10 ते 20 टक्के रुग्णांना हा त्रास होतो, पूर्ण फुफ्फुस काढल्यास प्रमाण आणखी वाढते. फुफ्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा थेट हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात उघडतात आणि ऑपरेशनमध्ये त्याच बांधाव्या लागतात. त्यात सूज, वेदना, शरीरावरचा ताण आणि रक्तातले पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी होणे यांची भर पडते. क्वचित यामागे न्यूमोनिया किंवा फुफ्फुसात अडकलेली गुठळी असते, म्हणून डॉक्टर तीही शक्यता तपासतात.

गैरसमज : आधी हृदयविकार नसेल तर भीती नाही.
वस्तुस्थिती : निरोगी हृदयाच्या माणसालाही हे होऊ शकते. सगळ्यात मोठे कारण वय. साठीनंतर धोका वाढत जातो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि पूर्वी ठोके अनियमित झालेल्यांनी ते ऑपरेशनआधीच सांगावे.

गैरसमज : ऑपरेशन आहे, म्हणून बीपीच्या गोळ्या आपणच बंद कराव्यात.
वस्तुस्थिती : मेटोप्रोलोलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या एकदम थांबवल्या तर ठोके बिघडण्याची शक्यता वाढते. कोणती गोळी चालू ठेवायची हे भूलतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

गैरसमज : छातीत धडधडले नाही, म्हणजे सगळे ठीक.
वस्तुस्थिती : अनेकांना काहीच जाणवत नाही. काहींना फक्त थकवा, चक्कर किंवा दम लागतो. म्हणूनच सुरुवातीचे काही दिवस मॉनिटर लावलेला असतो.

गैरसमज : आता जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागणार.
वस्तुस्थिती : बहुतेकांचे ठोके काही तासांत किंवा दिवसांत, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतात. मात्र बिघाड 48 तासांपेक्षा जास्त टिकला तर थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरीकडे, या गोळ्यांमुळे ताज्या जखमेतून रक्तस्राव होण्याची शक्यताही असते. दोन्हींचा विचार करून गोळ्या द्यायच्या का आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. काहींना हा त्रास पुढे पुन्हा होतो, म्हणून नाडी नीट झाली तरी फेरतपासणी आणि ईसीजी चुकवू नका.

घरी आल्यावर छातीत धडधड, दम किंवा चक्कर जाणवली तर लगेच डॉक्टरांना कळवा. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करा. आणि चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.