अंडं चोराल तर वीस पेन्स!

इंग्लंडचा आठवा हेन्री बायकांशी कसा वागला, हे जगजाहीर आहे. पण बदकाचं अंडं कुणी उचललं, तर हेच महाराज खवळत. त्याच्या १५३३-३४ सालच्या कायद्यात अंड्यांचं चक्क दरपत्रक आहे. क्रौंच किंवा बस्टर्ड (आपल्या माळढोकाचा भाऊबंद) यांच्या प्रत्येक अंड्यामागे २० पेन्स दंड, बगळ्याच्या अंड्याला ८, साध्या रानबदकाच्या अंड्याला १. वर तुरुंगाची हवा! मेअखेर ते ऑगस्टअखेर बदकं धरायलाही बंदी, कारण त्या दिवसांत पिसं झडल्यानं त्यांना उडता येत नाही आणि लोक थवेच्या थवे जाळ्यात हाकत.

राजाला पाखरांचा कळवळा होता म्हणता? छे, मेजवानीच्या ताटात ती कमी पडू लागली होती. जेमतेम वर्षभर आधी याच हेन्रीनं कावळे मारायला गावोगाव जाळं ठेवण्याची सक्ती केली होती. त्याच्या वडिलांच्या राज्यात राजहंसाचं किंवा ससाण्याचं अंडं चोरणाऱ्याला एक वर्ष आणि एक दिवस कैद होती. तो वरचा एक दिवस बहुधा व्याजाचा!

बर्म्युडा बेटावर १६१६ मध्ये गव्हर्नरनं ‘कहाउ’ या समुद्रपक्ष्याची नासधूस थांबवण्याचा हुकूम काढला. फार उशीर झाला होता. पक्षी दिसेनासा झाला, तो थेट १९५१ मध्ये मूठभर जोड्यांच्या रूपानं पुन्हा सापडला.

१८६९ चा ब्रिटिश समुद्रपक्षी कायदा तर गमतीचाच. यॉर्कशरच्या फ्लॅमबरो कड्यांवर आगगाडीनं हौशी बंदूकवाले येत आणि किटिवेक या समुद्रपक्ष्याची पिसं बायकांच्या टोप्यांवर मिरवत. खलाशी मात्र वैतागले. धुक्यात याच पक्ष्यांच्या कलकलाटावरून त्यांना कडा जवळ आल्याचं कळायचं. मग १ एप्रिल ते १ ऑगस्ट शिकारबंदी झाली. पण अंड्यांना अभय नव्हतं! दोर लावून कड्यावरून उतरणारे अंडीवाले १९५४ पर्यंत निवांत अंडी गोळा करत होते.

आपल्याकडे सगळ्यात शहाणे निघाले ते तमिळनाडूतल्या वेदांतंगलचे गावकरी. तळ्यातल्या झाडांवर बगळे-पाणकावळे घरटी करायचे, त्यांची विष्ठा पाण्यात पडायची आणि ते पाणी भातशेतीला मिळायचं. फुकटचं खत! गोरे शिपाई पक्ष्यांवर गोळ्या झाडू लागले, तेव्हा अठराव्या शतकाच्या अखेरीस गावानं थेट कलेक्टरकडे तक्रार नेली आणि संरक्षणाचा लेखी कौल मिळवला. १८५८ मध्ये तो पुन्हा पक्का करून घेतला. राजानं पोटासाठी कायदा केला, गावानंही पोटासाठीच. पण गावाचा टिकला. तिथं आजही पक्षी येतात.

१८८७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या नगरपालिका आणि कँटोन्मेंटना विणीच्या हंगामात रानपक्षी बाळगण्या-विकण्यावर नियम करता येऊ लागले. १९१२ च्या कायद्याच्या यादीत बगळे, खंड्या आणि नीलपंख आले. त्यांच्या पिसांना परदेशात भलती मागणी होती. मुंबई राज्यानं १९५१ मध्ये स्वतःचा वन्यपशू-पक्षी कायदा केला. आणि १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव कायद्यात, पितरांच्या घासाचा मानकरी कावळा उंदरांच्या पंक्तीला उपद्रवी म्हणून बसला! २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच गेली.

तर, गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलं, तर ते हलवू नका. याच १९७२ च्या कायद्याच्या व्याख्येत रानपक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हीसुद्धा ‘शिकार’च आहे.