वेगवान गोलंदाजांचा शोध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतातील देशांतर्गत क्रिकेटचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो. तो संपला की पुढच्या हंगामाची बांधणी सुरू होते आणि निवड समित्यांपुढे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो तो नवा चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हा. अमेरिकेतील बेसबॉल संघही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोकळ्या काळात याच विवंचनेत असतात. सामन्याची सुरुवात करून अनेक डाव रेटणारे पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे खेळाडू, त्यांना हवे असतात. दोन्ही खेळांत हा माणूस दुर्मीळ असतो आणि लवकर जायबंदीही होतो. त्याच्या शोधाविषयी अनेक समजुती रूढ आहेत. त्या तपासण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरचे उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण ७ ऑक्टोबर १९७८ रोजी तेथे जन्मलेल्या झहीर खानने कसोटीत ३११ आणि एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी घेतले.

गैरसमज : महाराष्ट्राची माती फलंदाजांची आणि फिरकीपटूंची, वेगवान गोलंदाज बाहेरूनच आणावे लागतात.

वस्तुस्थिती : मुंबईच्या फलंदाजीचा लौकिक मोठा असल्याने येथील वेगवान गोलंदाज झाकोळले गेले, एवढाच या समजुतीचा आधार. मुंबईच्या रमाकांत देसाईंनी १९५८-५९ च्या पहिल्याच रणजी हंगामात ५० बळी घेतले. सोलापूरला जन्मलेल्या सलील अंकोलाने १९८९ मध्ये कराचीत कसोटी पदार्पण केले. श्रीरामपूरचा झहीर, मुंबईचा अजित आगरकर, नागपूर जिल्ह्यातील उमेश यादव आणि पालघरचा शार्दूल ठाकूर हे सगळे याच राज्यातले. अहिल्यानगर जिल्ह्याने संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे हा फलंदाज दिला, तसाच झहीरही दिला.

गैरसमज : वेगवान गोलंदाज उंचापुरा आणि दणकटच हवा.

वस्तुस्थिती : उंचीमुळे चेंडूला उसळी मिळते, हे खरे. पण वेग आणि स्विंग ज्यातून निर्माण होतात, त्या गोष्टी अनेक आहेत : धावत येण्याची लय, पुढचा पाय रोवण्याची ताकद, कमरेची व खांद्याची फिरत, मनगटाची स्थिती आणि शिवण सरळ ठेवण्याचे कसब. रमाकांत देसाई चणीने इतके लहान होते की त्यांना ‘टायनी’ म्हणत. तरीही त्यांनी २८ कसोटींत ७४ बळी मिळवले. वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल आपल्या संघातील इतर वेगवान गोलंदाजांपेक्षा बुटका होता. त्याच्या नावावर ३७६ कसोटी बळी आहेत. केवळ उंची पाहून मुले निवडणारी शिबिरे असे गोलंदाज पहिल्याच दिवशी घरी पाठवतील.

गैरसमज : चौदा-पंधराव्या वर्षी वयोगटाच्या संघात आला नाही, तर मुलाची वेळ निघून गेली.

वस्तुस्थिती : झहीर सतराव्या वर्षाच्या आसपास मुंबईत आला. तेथे नॅशनल क्रिकेट क्लबच्या सुधीर नाईक या माजी कसोटीपटूने त्याला आधार दिला. पुढे तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये दाखल झाला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली मार्गदर्शन करत. उमेश यादवची वाट याहून उशिराची. कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवर वाढला आणि सीझन बॉलकडे उशिरा वळला. २००८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो विदर्भाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. कसोटीत त्याने १७० बळी घेतले. वेगाची देणगी उशिरापर्यंत टिकून राहते. मात्र ती ओळखणारा माणूस आणि पुढे नेणारी संस्था भेटावी लागते.

गैरसमज : खेळाडूला आपल्या जिल्ह्याच्या संघटनेकडूनच खेळावे लागते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन स्वतंत्र संघटना आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. अहिल्यानगर जिल्हा पुण्यातून चालणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो. परंतु शिक्षण, नोकरी किंवा वास्तव्य यांमुळे खेळाडू दुसरीकडे पात्र ठरू शकतो. शिवाय मूळ संघटनेचा ना-हरकत दाखला घेऊन पाहुणा खेळाडू म्हणूनही जाता येते. झहीरने १९९९-२००० मध्ये प्रथम श्रेणीत पदार्पण केले ते बडोद्याकडून. पुढच्याच हंगामात बडोद्याने रेल्वेला हरवून रणजी करंडक जिंकला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. मुंबईकडून तो नंतर खेळला. ज्या संघाला नव्या चेंडूची गरज असते तो संघ दुसऱ्याच्या अंगणातही शोध घेतो. त्यामुळे गाव दूर असले, तरी दारे अनेक असतात.

गैरसमज : वेगमापक यंत्रावर सर्वांत मोठा आकडा दाखवतो, तोच सर्वांत चांगला.

वस्तुस्थिती : वेगमापक एकच गोष्ट मोजतो. टप्पा, स्विंग, शिवणीवरून होणारी हालचाल, जुना चेंडू वापरण्याची कला आणि फलंदाजाला वाचण्याची बुद्धी त्यात दिसत नाही. भारतीय संघातील जागा गेल्यावर झहीर २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळला. त्या हंगामात कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ७८ बळी घेतले. तेथून परतलेला गोलंदाज वेगापेक्षा नियंत्रणावर विसंबणारा होता. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने नऊ बळी घेतले. तो सामना जिंकून भारताने १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात २१ बळींसह तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक बळी घेणारा ठरला. त्या स्पर्धेत मंद गतीचा ‘नकल बॉल’ हे त्याचे महत्त्वाचे अस्त्र होते.

गैरसमज : हंगामाबाहेरचा काळ, विशेषतः पावसाळा, म्हणजे पूर्ण विश्रांती.

वस्तुस्थिती : मुंबईत १९४८ पासून कांगा लीग खेळली जाते. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा पावसाळ्यासाठी, ओल्या व न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळण्यासाठीच जन्मली. अशा खेळपट्टीवर फलंदाजाच्या तंत्राचा कस लागतो, आणि सीम व स्विंग करणाऱ्या गोलंदाजाला आपली कला पारखता येते.

विश्रांती आवश्यक असते, पण ती आखलेली असावी लागते. चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या अनेक पट भार त्या पायावर आणि कमरेवर येतो. वाढत्या वयातील मुलांच्या कमरेच्या मणक्यांना यामुळे बारीक तडा जाण्याचा धोका असतो. अनेक महिने काहीच न टाकता हंगाम सुरू होताच एकदम भरपूर षटके टाकली, तर तो धोका वाढतो. म्हणून मोकळ्या काळात ताकद वाढवणे, ॲक्शनमधील दोष काढणे आणि षटकांची संख्या हळूहळू चढवणे हा खरा कार्यक्रम असतो. जसप्रीत बुमराहला २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये परतण्यापूर्वी त्याला बराच काळ मैदानाबाहेर राहावे लागले.

गैरसमज : दोन चांगले गोलंदाज मिळाले की शोध संपला.

वस्तुस्थिती : बेसबॉलमध्ये साधारणपणे पाच सुरुवातीचे पिचर आळीपाळीने खेळतात, म्हणजे प्रत्येकाला मध्ये सुमारे चार दिवसांची विश्रांती मिळते. पाचापैकी एक जायबंदी झाला तरी पूर्ण हंगामाचे गणित बिघडते, म्हणून संघ सहावा आणि सातवाही तयार ठेवतात. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारतावर हीच वेळ आली. प्रमुख गोलंदाज जायबंदी असताना मोहम्मद सिराज, टी. नटराजन, नवदीप सैनी आणि शार्दूल ठाकूर यांच्यावर वेगवान माऱ्याची जबाबदारी पडली. शार्दूलने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावाही केल्या. १९ जानेवारीला भारताने तीन गडी राखून सामना आणि त्यासोबत मालिका जिंकली. दुसऱ्या फळीतील गोलंदाज आधीपासून घडवलेले नसते, तर हे शक्य नव्हते.

गैरसमज : चांगला वेगवान गोलंदाज सहज बेसबॉलचा पिचर होईल.

वस्तुस्थिती : गोलंदाजीत कोपर सरळ करण्याची मर्यादा १५ अंशांची आहे, तर पिचर कोपर वाकवूनच फेकतो. दोन्हींची स्नायूंची सवय वेगळी असते. भारतात पिचर शोधण्यासाठी घेतलेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून २००८ मध्ये निवडले गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील तरुण भालाफेकपटू होते. पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांना करारबद्ध केले, पण मुख्य लीगपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचले नाही. ताकदवान हात सापडणे ही सुरुवात असते. पुढची वर्षे शिकवण्यात आणि जपण्यात जातात, आणि हे बेसबॉलइतकेच क्रिकेटलाही लागू आहे.