जुना ट्रान्समीटर आणि नवे ड्रोन

मंडळी, शेतावर औषध फवारणारे ड्रोन आता पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२३ साली बचत गटांतल्या भगिनींसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना जाहीर झाली, तेव्हापासून तर हा शब्द चावडीवरसुद्धा ऐकू येतो. ते पाहून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतो, “गुरुजी, आपल्याला असलं काही करता येईल का?” फवारणीचे यंत्र लाखांच्या घरातले. ते काही शाळेला झेपायचे नाही. पण तळहातावर मावेल एवढे, तीस-चाळीस ग्रॅम वजनाचे ड्रोन शाळा खुशाल आणू शकते. अडते ते ट्रान्समीटरपाशी. चांगला ट्रान्समीटर घ्यायचा म्हटला की वर्षाचा प्रयोगसाहित्याचा पैसा त्यातच जातो.

अशा वेळी आधी कपाट उघडून पाहावे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी विमानाच्या नमुन्यांचा छंद असलेल्या पुष्कळांनी ‘टर्निजी नाइन-एक्स’ नावाचा ट्रान्समीटर घेतला होता. ‘फ्लायस्काय टीएच-नाइन-एक्स’ हे त्याचेच दुसरे नाव. काळा डबा, दोन दांड्या, वर सात-आठ खटके आणि मधोमध पडदा. छंद सुटला, विमान मोडले, आणि डबा राहिला. कुणा माजी विद्यार्थ्याने तो शाळेला देऊनही टाकला असेल. हा डबा भंगारात घालू नका. थोड्या खर्चात तो आजचे लहान ड्रोन चालवू शकतो. कसे, ते आज पाहू.

ट्रान्समीटरचे दोन भाग मनात वेगळे ठेवा: एक हात, दुसरा आवाज. दांड्या आणि खटके हा हात. तुम्ही दांडी किती सरकवली एवढेच तो मोजतो. पाठीमागच्या खाचेत बसवलेली डबी, जिला मॉड्यूल म्हणतात, ती त्याचा आवाज. मोजलेले माप लहरींवर बसवून हवेत सोडणे तिचे काम. माणूस म्हातारा झाला तरी त्याला नवी भाषा शिकवता येते म्हणतात. इथे तर आवाजाची डबीच बदलायची आहे, तेव्हा काम त्याहून सोपे.

आता लहरींविषयी चार शब्द. आपण पुणे केंद्र वर्षानुवर्षे ७९२ किलोहर्ट्झवर ऐकले. त्या लहरीची लांबी जवळजवळ ३७९ मीटर. हिशेब सोपा आहे आणि वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येते. जुन्या काळची नमुन्याची विमाने पुष्कळदा ७२ मेगाहर्ट्झवर चालत. ३०० भागिले ७२ म्हणजे सव्वाचार मीटरला थोडे कमी. एरिअलला याचा चौथा हिस्सा लागतो, म्हणून त्या विमानातून मीटरभर वायर शेपटासारखी लोंबत असे. आज ड्रोन २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झवर बोलते. लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा जेमतेम ३ सेंटिमीटर. एरिअल आगकाडीपेक्षाही आखूड झाले, म्हणूनच ड्रोन एवढे लहान होऊ शकले.

आणखी एक फरक आहे. जुन्या सेटांत स्फटिकाचा तुकडा बसवलेला असे आणि त्याने लहर कायमची ठरे. मैदानावर दोघांचे स्फटिक एकाच क्रमांकाचे निघाले की एकाचे विमान खाली आलेच म्हणून समजा. नवे मॉड्यूल एका लहरीवर बसून राहत नाही. ते सेकंदात कितीतरी वेळा लहर बदलते, आणि कोणत्या क्रमाने बदलायची हे त्याच्या जोडीदार रिसीव्हरला ठाऊक असते. ही ओळख करून देण्याला ‘बाइंड करणे’ म्हणतात. त्यामुळे एका मैदानावर पाच-सहा मुले एकमेकांत न अडकता उडवू शकतात.

आता तुम्ही म्हणाल, हात आणि आवाज यांच्यात बोलणे कोणत्या भाषेत चालते? नाइन-एक्समध्ये ती पीपीएम नावाची जुनी, सरळ भाषा आहे. प्रत्येक दांडीसाठी एक ठोका. दोन ठोक्यांमधले अंतर म्हणजे दांडीची जागा: एका टोकाला साधारण १००० मायक्रोसेकंद, मध्यावर १५००, दुसऱ्या टोकाला २०००. आठ मापे एकामागून एक जातात, मग जरा लांब विराम, आणि पुन्हा पहिल्यापासून. हा फेरा सुमारे २२ मिलिसेकंदांत होतो, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीस वेळा. शर्यतीवाल्यांना हे मंद वाटते, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. त्यांचे नवे सेट सेकंदाला २५० किंवा ५०० वेळा बोलतात. शाळेच्या पटांगणात शिकणाऱ्याला मात्र पंचेचाळीस पुष्कळ झाले.

ही पीपीएम भाषा समजणारे एक मॉड्यूल बाजारात मिळते. त्याला मल्टी-प्रोटोकॉल मॉड्यूल म्हणतात. ‘फोर-इन-वन’ असे मागितले तरी दुकानदाराला कळते. त्यात रेडिओच्या चार निरनिराळ्या चिपा असतात. एक फ्लायस्कायची भाषा बोलते, एक फ्रस्कायची, एक स्पेक्ट्रमची, आणि चौथी सायमासारख्या खेळण्यातल्या ड्रोनांची. डबीवर सोळा घरांची लहान चकती असते. तिचा काटा शून्याखेरीज दुसऱ्या घरावर ठेवला की मॉड्यूल पीपीएम ऐकते. कोणत्या घरावर कोणती भाषा, याचा तक्ता मॉड्यूलबरोबर येतो. घेताना मात्र चकती आहे ना, हे जरूर पाहा. चकती नसलेले स्वस्त मॉड्यूलही मिळते, पण ते नाइन-एक्सच्या मूळ प्रोग्रॅमशी पीपीएमने बोलवायला त्रास होतो.

बसवताना एक अडचण हमखास येते. नाइन-एक्सच्या जुन्या मॉड्यूलची एरिअलची वायर पुष्कळदा आतून डाख देऊन जोडलेली असते, म्हणून मॉड्यूल नुसते ओढून निघत नाही. ओढाताण करू नका. बॅटरी काढा, मागचे झाकण उघडा आणि डाख सोडवून वायर मोकळी करा. गावातला मोबाइल दुरुस्त करणारा हे काम पाच मिनिटांत करील. नव्या मॉड्यूलचे स्वतःचे एरिअल असते. ते घट्ट बसवल्याशिवाय सेट कधीही चालू करू नका. बाहेर जायला वाट नसलेली शक्ती उलट फिरते आणि मॉड्यूल जाळू शकते.

मॉड्यूल किती व्होल्टपर्यंत चालते, तेही त्यावर वाचा. नाइन-एक्सला आठ पेन्सिल सेल लागतात. साधे सेल दीड व्होल्टचे, म्हणजे १२ व्होल्ट. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे ९.६. शाळेने दुसरेच घ्यावेत. सुरुवातीला महाग पडतात, पण साधे सेल दर महिन्याला विकत घेण्यापेक्षा वर्षभरात स्वस्त होतात.

पैसे टाकण्याआधी जुना हात धड आहे का ते बघा. सेलच्या खणात हिरवी-पांढरी बुरशी चढली असेल तर ती खरडून संपर्क स्वच्छ करा. दांड्यांखाली पोटेन्शिओमीटर असतात, रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाचे भाऊच. ते धुळीने खराब झाले की दांडी स्थिर असूनही आकडा नाचतो. ड्रोन संगणकाला जोडून ‘बीटाफ्लाइट’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रिसीव्हरचे पान उघडा. दांडी मध्यावर सोडल्यावर आकडा १५०० च्या आसपास दोन-चारने हलला तर चालेल. वीस-तीसने हलला तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून दांडी वीस-पंचवीस वेळा फिरवा. तरी सुधारला नाही तर या सेटवर खर्च करू नका, असेच मी सांगेन.

आणि हे मॉड्यूल सगळ्या ड्रोनांशी बोलते असे समजू नका. डीजेआय कंपनीच्या ड्रोनांची भाषा बंद कुलपातली आहे, तिथे याची डाळ शिजत नाही. आजकाल बऱ्याच लहान ड्रोनांत ‘एक्सप्रेस-एलआरएस’ नावाचा रिसीव्हर असतो. त्याची भाषाही या मॉड्यूलला येत नाही. म्हणून ड्रोन घेताना ‘फ्रस्काय’ किंवा ‘फ्लायस्काय’ रिसीव्हरचेच मागा. तुमचे ड्रोन आधीच एक्सप्रेस-एलआरएसचे असेल, तर नाइन-एक्सवर पैसे घालण्यापेक्षा त्याच पद्धतीचा छोटा नवा ट्रान्समीटर घ्यावा. तो आता दहा हजारांच्या आत मिळतो. जुन्याचा मोह तिथे आवरायला हवा. मग नाइन-एक्सला पाठीमागच्या ट्रेनर-सॉकेटातून सिम्युलेटरची केबल लावून शाळेच्या संगणकाशी जोडा. मुले पडद्यावरचे ड्रोन हवे तितके आपटोत, एक पातेही मोडणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि इथे घाई करू नका. पहिली चाचणी पाती काढून करायची. लहान पात्यानेही बोट कापते आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पाती काढून मोटारी चालू करा आणि ट्रान्समीटर एकदम बंद करा. क्षणभरात मोटारी थांबल्या पाहिजेत. याला ‘फेलसेफ’ म्हणतात. थांबल्या नाहीत तर त्या दिवशी उड्डाण नाही, मुलांनी कितीही हट्ट धरला तरी नाही. रोजचा नियम असा, की चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग ड्रोन. बंद करताना आधी ड्रोन, मग ट्रान्समीटर. ड्रोनची लिथियम बॅटरी फरशीवर ठेवून, समोर कुणी बसलेले असतानाच चार्ज करावी. फुगली असेल तर पुन्हा वापरू नये.

कायद्याचेही थोडे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालच्या अधिसूचनेने ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय खुला झाला. ‘लांब जाते’ म्हणून कुणी ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल देऊ केले तर घेऊ नका. आपल्याकडे तो भाग मोबाइल फोनांच्या पट्ट्याला लागून आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ ठरते आणि ते उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण कुठे उडवायचे याला बंधने आहेतच. हिरव्या पट्ट्यातही ४०० फुटांची मर्यादा आहे, आणि विमानतळ किंवा लष्करी ठाणे जवळ असेल तर आधी सरकारी नकाशा पाहावा.

पहिले उड्डाण पटांगणात, वारा पडलेला असताना, सकाळी करा. एरिअलचे टोक ड्रोनकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत क्षीण जातात, त्याची आडवी बाजू ड्रोनकडे असू द्या. ओली झाडे आणि उभा ऊस या लहरी शोषून घेतात, म्हणून मध्ये उसाचा फड येईल असे उभे राहू नका. ड्रोन गुडघ्याएवढ्या उंचीवर धरायला सांगा आणि प्रत्येक मुलाला दोन मिनिटे द्या. बाकीच्यांनी दहा पावले मागे, चुन्याच्या रेघेपलीकडे थांबावे.