सामायिक कार्यालय : ‘कसं चाललंय?’ विचारण्याआधी

कोणाला काय सांगायचं? सामायिक कार्यालयात (कोवर्किंगमध्ये) जागा चालवणारा एक आणि पगार देणारा दुसरा. एसी, आवाज, खुर्च्या, स्वच्छतागृह यांबद्दलचा अभिप्राय पहिल्याकडे. कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक दुसऱ्याकडे. सर्वेक्षणाच्या एकाच फॉर्ममध्ये दोन्ही विचारलं की उत्तरं कुणाचीच राहत नाहीत.

निनावी की गोपनीय? निनावी म्हणजे उत्तर कुणाचं हे कुणालाच कळत नाही. गोपनीय म्हणजे गोळा करणाऱ्याला कळतं, पण तो सांगत नाही. चार जणांच्या टीममध्ये निनावीपणा नावापुरताच. म्हणून छोट्या गटांचे आकडे वेगळे न दाखवता एकत्र करतात.

डब्ल्यूएचओ-5 (मनःस्वास्थ्य मोजणारी जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली) : गेल्या दोन आठवड्यांबद्दल 5 विधानं, प्रत्येकी 0 ते 5 गुण. बेरजेला 4 ने गुणलं की 100 पैकी गुण मिळतात. कमी गुण म्हणजे पुढे चौकशी हवी, निदान नव्हे.

सर्वेक्षण म्हणजे तक्रार नव्हे. लैंगिक छळाच्या तक्रारीचा मार्ग वेगळा. लैंगिक छळविरोधी कायदा, 2013 :
- 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर कंपनीत अंतर्गत समिती बंधनकारक.
- त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. उज्जैनसारख्या शहरातल्या पाच-सात जणांच्या स्टार्टअपना लागू पडतो तो हाच नियम.
- तक्रारीची मुदत : घटनेपासून 3 महिने, लेखी कारण नोंदवून समिती आणखी 3 महिने वाढवू शकते.

मदत : टेलि-मानस, 14416. केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 2022 पासून, 24 तास.