मिठांतलें विष कोठें गेलें?

सुमारें तीस वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, सोडियम पाण्यांत टाकलें कीं पेट घेतें, आणि क्लोरीन तर विषारी वायु. मग या दोहोंचें मीठ आपण रोज कसें खातों?” मीं म्हटलें, “संयोग झाला म्हणजे गुणधर्म बदलतात. बस खालीं.” मुलगा बसला. त्या वर्षीं त्यानें पुन्हां प्रश्न विचारला नाहीं. मीं सांगितलें तें चूक नव्हतें. पण तें उत्तरहि नव्हतें.

प्रश्न पोरकट मुळींच नव्हता. सोडियम सुरीनें कापावें इतकें मऊ, पण रॉकेलांत बुडवून ठेवावें लागतें. क्लोरीन काय करितो, तें २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें खंदकांतल्या शिपायांनीं अनुभविलें.

अणूच्या मध्यभागीं केंद्रक असतो. त्यांत धनभाराचे प्रोटॉन आणि, साधा हायड्रोजन सोडल्यास, भाररहित न्यूट्रॉन असतात. भोंवतीं ऋणभाराचे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन जे. जे. टॉमसन यांनीं १८९७ सालीं शोधिला. केंद्रकाची कल्पना रदरफोर्ड यांनीं १९११ सालीं मांडिली. सोडियमचा अणु शंभर मीटर व्यासाच्या मैदानाएवढा फुगविला, तरी केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढाच भरेल. आणि जवळजवळ सारें वजन त्या मोहरींत! इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरत आहेत असें चित्र आम्ही फळ्यावर काढीत असूं. तें खरें नव्हे; परंतु त्यांचे थर असतात, एवढें आपणांस पुरे.

सोडियमच्या अणूंत ११ प्रोटॉन व ११ इलेक्ट्रॉन, थरांनीं २, ८ आणि १. क्लोरीनमध्यें १७ व १७, थरांनीं २, ८ आणि ७. सोडियमचा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला, कीं सोडियमजवळ ११ प्रोटॉनांस १० इलेक्ट्रॉन उरतात व एक धनभार दिसूं लागतो. क्लोरीनजवळ १७ प्रोटॉनांस १८ इलेक्ट्रॉन होतात. त्यावर एक ऋणभार. अशा भारित अणूस आयन म्हणतात. केंद्रकास धक्काहि लागत नाहीं. सोडियमचें सोडियमपण राहतें. जातो तो त्याचा तापटपणा.

सोडियमला तो इलेक्ट्रॉन नकोसाच असतो, असें मीं अनेक वर्षें शिकविलें. तेंहि खरें नव्हे. २३ ग्रॅम सोडियमच्या सुट्या अणूंतून एकेक इलेक्ट्रॉन काढावयास सुमारें ४९६ किलोजूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनच्या तितक्याच अणूंनीं ते स्वीकारिले कीं सुमारें ३४९ परत मिळतात. व्यवहार तोट्याचा! तोटा भरून निघतो तो पुढें. विरुद्ध भारांचे आयन एकमेकांस ओढून घेतात आणि प्रत्येकाभोंवतीं विरुद्ध जातीचे सहा, अशी रचना होते. तींत या तोट्याच्या पांचपट ऊर्जा सुटते. मिठाचे दाणे भिंगाखालीं घनाकृति दिसतात ते या रचनेमुळेंच.

‘आयन’ हा ग्रीक शब्द फॅरडे यांनीं १८३४ सालीं रूढ केला, अर्थ ‘जाणारा’. कोरड्या मिठांतून वीज वाहत नाहीं, कारण आयन जागीं जखडलेले असतात. पाण्यांत ते सुटे होतात, आणि तेहि वीज लावण्यापूर्वींच, ही गोष्ट स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनीं सांगितली. १८८४ सालच्या त्यांच्या प्रबंधास उप्साला येथील परीक्षकांनीं अगदीं हलकी श्रेणी दिली. १९०३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या परीक्षकांस हंसण्याचा अधिकार निदान मला नाहीं.

तर त्या मुलास मीं सांगावयास हवें होतें तें असें. क्लोरीन हा इलेक्ट्रॉनासाठीं हपापलेला वायु. फुप्फुसांत शिरला कीं तेथील ओलाव्यावर व पेशींवर तुटून पडतो. मिठांतील क्लोराइडास तो इलेक्ट्रॉन आधींच मिळालेला असतो, म्हणून तें कोणाच्या वाटेस जात नाहीं. सोडियमजवळहि देण्याजोगें कांहीं उरलेलें नसतें. मीठ फार खाऊं नये हें खरें, पण तो विषय निराळा. मज्जातंतूंचे निरोप चालतात ते याच सोडियम-आयनांच्या ये-जेनें. जुलाबांत ते पाण्याबरोबर शरीराबाहेर जातात. म्हणून डॉक्टर मुलास नुसतें पाणी न देतां मीठसाखरेचें पाणी पाजावयास सांगतात. आंतड्यांत साखर व सोडियम जोडीनें आंत शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणी जातें.